पुण्यात नव्याने आलात? आधी वळीव, मग रखरखीत ऊन: अंदाज वाचून तयारी कशी करायची

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या हवामानाच्या बातमीत एक वाक्य वरचेवर येतं. ‘येत्या दोन-तीन दिवसांत मेघगर्जनेसह पावसाची शक्यता, त्यानंतर हवा कोरडी होऊन कमाल तापमानात दोन ते चार अंशांची वाढ.’ शहरात नव्याने राहायला आलेली मंडळी यातला पहिला अर्धा वाचतात आणि सुटलो एकदाचे म्हणून निर्धास्त होतात. पण वळीव तास-दीड तासात उरकतो, तोही बहुतेकदा शहराच्या एखाद्याच भागावर. त्याच्यामागून येणारं ऊन सगळ्या शहरावर पडतं आणि आठवडाभरही हलत नाही. म्हणून या वाक्याचा दुसरा अर्धा आधी वाचा, आणि पावसाचे दिवस चालू असतानाच उन्हाची तयारी उरका. ती कशी, ते इथे क्रमाने लिहिलं आहे.

१. अंदाज आपल्या जागेचा घ्या

मोबाईलवर आपोआप दिसणारं ढगाचं चिन्ह बाजूला ठेवा. ते अख्ख्या दिवसाला एकच असतं आणि वळीव अख्ख्या दिवसाचा नसतो. भारतीय हवामान विभागाचं ‘मौसम’ ॲप किंवा संकेतस्थळ उघडा. पुण्याचं या खात्याशी जुनं नातं आहे. १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आजही सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण वेधशाळेचं मोठं काम इथेच राहिलं.

बातमीत ‘मध्य महाराष्ट्रात पाऊस’ असं आलं, तर लगेच छत्री काढू नका. हवामान खात्याच्या लेखी मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबार-जळगावपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंतचा सगळा पट्टा. त्यानंतर जिल्ह्याचा इशारा पाहा. तोही मोठा आवाका आहे, कारण जुन्नर, लोणावळा, दौंड आणि इंदापूर हे सगळं पुणे जिल्ह्यातच येतं. मग शहराचा अंदाज. आणि सगळ्यात कामाचा तो पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा. दुपारी दोननंतर घराबाहेर पडण्याआधी एवढा एक पाहिला तरी बरंच निभावतं.

विजांसाठी ‘दामिनी’ ॲप वेगळं घ्या. ते पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलं आहे. तुमच्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर ते सावध करतं. त्यासाठी मोबाईलचं लोकेशन चालू ठेवावं लागतं, हे बरेच जण विसरतात.

पुढच्या दोन आठवड्यांचा रोख समजून घ्यायचा असेल तर हवामान विभाग दर गुरुवारी विस्तारित अंदाज देतो. ‘या आठवड्यात वादळी पाऊस, पुढच्या आठवड्यात तापमान सरासरीपेक्षा जास्त’ हे चित्र तिथे आधी दिसतं. घर बदलणं, लग्नकार्य, लांबचा प्रवास यांसाठी तो पाहावा. रोजच्या कामाला त्याचा उपयोग नाही.

२. अंदाजातले शब्द नीट समजून घ्या

‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ पाऊस हलका असणार असा नाही. त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर चौथा हिस्सा केंद्रांवर तो पडेल, एवढंच त्यात सांगितलेलं असतं. पडेल तिथे धो धो पडू शकतो. कोथरूडला गटारं भरून वाहतात आणि त्याच वेळी हडपसरला रस्त्यावर धूळ उडत असते, असं वळवाच्या दिवसांत नेहमी होतं. दोन्हीकडचे लोक अंदाज चुकला म्हणतात, आणि अंदाज मात्र बरोबर असतो.

‘मध्यम पाऊस’ हाही असाच फसवा शब्द आहे. पावसाची वर्गवारी २४ तासांच्या बेरजेवर होते. साधारण १५ ते ६४ मिलिमीटर म्हणजे मध्यम, ६४.५ च्या पुढे मुसळधार. पण वळवात २५-३० मिलिमीटर पाऊस अर्ध्या-पाऊण तासात कोसळू शकतो. कागदावर तो मध्यमच, रस्त्यावर मात्र गुडघाभर पाणी. पावसाची मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी होते, त्यामुळे काल संध्याकाळचा पाऊस आजच्या तारखेच्या आकड्यात दिसतो. आकडे ताडून पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

रंगांचं सोपं आहे. हिरवा म्हणजे काही विशेष नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. पिवळ्याकडे पुणेकर फारसं पाहत नाहीत. वळवाच्या बाबतीत तरी पाहावं, कारण वीज आणि सोसाट्याचा वारा पिवळ्या इशाऱ्यातही येतात.

आता उन्हाच्या शब्दांकडे या. इथे सगळ्यात मोठी गफलत होते. मैदानी भागात ‘उष्णतेची लाट’ म्हणायला कमाल तापमान किमान ४० अंश लागतं, शिवाय ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असावं लागतं. पुण्याचं एप्रिलमधलं सरासरी कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे लाट जाहीर व्हायला पारा साडेबेचाळीसच्या घरात जायला हवा. शिवाजीनगरचा आजवरचा उच्चांक ४३.३ अंश आहे, तोही ३० एप्रिल १८९७ चा. तेव्हा पुण्यात ४१ अंशांचं ऊन सलग चार दिवस तापलं, तरी इशाऱ्यात ‘लाट’ हा शब्द येईलच असं नाही. त्या शब्दाची वाट पाहू नका. चाळिशी गाठली की लाट आली असं समजूनच वागा.

तापमान कुठलं सांगितलंय हेही पाहा. शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव इथले आकडे एकाच दिवशी वेगवेगळे असतात, आणि लोहगावचा पारा बहुधा वर असतो. विमाननगर, खराडी, वाघोलीला राहणाऱ्यांनी शिवाजीनगरच्या आकड्यावर विसंबू नये.

३. पावसाच्या दिवसांत घड्याळ पाहून कामं लावा

दुपारपर्यंत जमीन तापते. अशात समुद्रावरून आलेलं बाष्प आणि उत्तरेकडचे कोरडे वारे राज्याच्या अंतर्भागात एकमेकांना भिडले की ढग उंच चढतात आणि तीन-साडेतीननंतर कोसळायला लागतात. म्हणून अशा दिवसांची सकाळ बहुतेक कोरडी असते आणि जोखीम दुपारी तीन ते रात्री आठ-नऊपर्यंतची. बँकेची कामं, बाजार, सामान हलवणं, मुलांना डॉक्टरकडे नेणं हे सगळं बारा वाजायच्या आत उरका. सिंहगड, वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती इथे जायचं तर पहाटे जा आणि ऊन चढायच्या आत खाली या. संध्याकाळी गार वाऱ्याला टेकडीवर जायची इथली आवड फार चांगली आहे. फक्त या दोन-तीन दिवसांत ती आवरा. उघड्या माथ्यावर उभ्या माणसाइतकं विजेला सोयीचं दुसरं काही नसतं.

ढग येतायत हे अंगाला आधी कळतं. हवा पडते, चिकचिक होते, झाडाचं पान हलत नाही. मग एकदम गार वाऱ्याचा झोत येतो, त्याच्यासोबत धूळ आणि पाचोळा. हा झोत अंगावर आला की पावसाला काही मिनिटंच उरलेली असतात. या वेळी वेग वाढवून घर गाठायची घाई करू नका; जवळचं पक्कं छप्पर गाठा.

४. बाहेर सापडलात तर

हा भाग दोनदा वाचा. वळवात माणसं दगावतात ती बऱ्याचदा आसरा चुकीचा निवडल्यामुळे.

होर्डिंगखाली थांबू नका. १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे इथे वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळलं आणि त्याखाली आसऱ्याला थांबलेली पाच माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १३ मे २०२४ ला, मुंबईत घाटकोपरला होर्डिंग पडून त्याहून मोठी दुर्घटना झाली. दोन्ही वेळी मोसमी पावसाचा पत्ता नव्हता, उन्हाळी वादळच होतं. हायवेच्या सर्व्हिस रोडला, पेट्रोल पंपाच्या आसपास थांबताना आधी वर आणि मागे काय उभं आहे ते पाहा.

झाडाखालीही नको. पुण्याचे रस्ते गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षांनी भरलेले आहेत. उन्हाळ्यात त्यांची सावली जीव वाचवते, पण सोसाट्याच्या वाऱ्यात याच झाडांच्या फांद्या मोडून पडतात. विजेच्या दृष्टीनेही उंच झाड धोक्याचं. दुचाकी झाडाखाली लावून जाऊ नका, आणि पार्क केलेल्या गाडीत बसून राहायचं असेल तर गाडी आधी झाडापासून लांब घ्या. बंद काचांची चारचाकी विजेपासून बऱ्यापैकी संरक्षण देते. दुचाकी, रिक्षा देत नाहीत.

उड्डाणपुलाखाली गाड्यांची रांग लावून थांबायची सवय इथे सार्वत्रिक आहे. मागून येणाऱ्याला पावसात ही रांग दिसत नाही, आणि रुग्णवाहिका अडकते. दुकान, सोसायटीचं पार्किंग, हॉटेल, कुठेही आत शिरा. वळवात कुणी कुणाला हटकत नाही.

वीज किती लांब आहे हे मोजता येतं. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर तुम्ही धोक्याच्या टापूत आहात, लगेच आत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पाऊस थांबला म्हणून लोक लगेच निघतात, आणि मागे राहिलेल्या ढगातली वीज तेव्हाच गाठते.

पहिल्या सरीत दुचाकी सांभाळा. महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ ओली होऊन रस्ता निसरडा होतो. पुढचा ब्रेक जोरात दाबू नका, वळणावर वेग कमी करा. दहा मिनिटं कुठे तरी थांबलात तर पुढच्या सरी रस्ता धुऊन काढतात. साचलेल्या पाण्यात तुटलेली तार पडलेली दिसली तर जवळ जाऊ नका, दुसऱ्यांनाही अडवा. झाड किंवा फांदी पडली असेल तर अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.

५. घरात

ढग भरून आले की गच्चीवरचे कपडे, गाद्या आणि पापड-कुरडया खाली घ्या. घरमालकीणबाईंनी गच्चीवर वाळवण घातलं असेल तर त्यांना हाक मारा. या शहरात ओळख वाढवायची ही चांगली संधी आहे. खिडक्या लावा, टीव्ही आणि राउटरचे प्लग काढा, लिफ्ट वापरू नका. वीज गेली तर महावितरणचा क्रमांक १९१२. तक्रार करताना बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक लागतो. भाड्याच्या घरात बिल मालकाच्या नावावर असतं, म्हणून तो क्रमांक आजच मोबाईलमध्ये टिपून ठेवा.

६. पाऊस ओसरला की तिथेच उन्हाची तयारी करा

वळवानंतरची ती एक संध्याकाळ फार सुंदर असते. मातीचा वास, गार वारा, रात्री पंखाही नको वाटतो. तिचा आनंद घ्या, पण उन्हाळा सरला असं समजू नका. पुढचे एक-दोन दिवस हवेत दमटपणा राहतो, सकाळपासून उकडतं. मग बाष्प घेऊन येणारे वारे मागे हटतात, उत्तर आणि वायव्येकडून कोरडी हवा यायला लागते, आकाश निरभ्र होतं आणि पारा रोज थोडा थोडा चढतो. अंदाजात ‘आकाश मुख्यतः निरभ्र’ असं सलग तीन-चार दिवस दिसलं आणि दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर आली, की रखरखीत ऊन सुरू झालंच.

मधल्या या एक-दोन दिवसांत पुढची कामं करा. कूलर पुसून, पाणी भरून चालवून पाहा. वाळ्याचे किंवा गवताचे पडदे जुने झाले असतील तर बदला. माठ घ्या आणि दोन दिवस पाण्याने भरून ठेवा, मगच प्यायला वापरा. ओआरएसची पाकिटं, ताकासाठी दही, पन्ह्यासाठी कैऱ्या घरात आणा. सोसायटीच्या टाकीचं आणि टँकरचं वेळापत्रक विचारून घ्या. बाणेर-बालेवाडी, वाघोली, उंड्री-पिसोळी अशा भागांत उन्हाळ्यात टँकरवर बरंच अवलंबून राहावं लागतं. शहरात वळीव झाला म्हणून पाणीपुरवठा सुधारत नाही. पुण्याचं बहुतेक पिण्याचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येतं. चारही मिळून साधारण २९ टीएमसीची (म्हणजे २९ अब्ज घनफुटांची) साठवण आहे, आणि ती भरते घाटातल्या मोसमी पावसाने. वळवाने तळ ओला होतो इतकंच.

पावसाचं पाणी कुंड्यांच्या ताटल्या, जुने टायर, गच्चीवरचे डबे यांत साचलं असेल तर ओतून टाका. कूलरचं पाणीही आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी कोरडी करा. डेंग्यूच्या डासांना अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

पापड-कुरडयांचं मनात असेल तर ते याच कोरड्या टप्प्यात घाला. वळवाच्या अंदाजात गव्हाचा चीक काढला, तर कुरडया अर्धवट सुकून आंबतात.

७. कोरड्या उन्हाचे दिवस

कोकणातून किंवा मुंबईहून आलेल्यांना इथे एक गोष्ट फसवते. तिकडे घाम निथळतो, म्हणून पाणी प्यायची आठवण राहते. पुण्यात दुपारी घाम अंगावर यायच्या आत सुकतो. अंग कोरडंच असतं, पण पाणी जातच असतं. तहानेची वाट न पाहता दर तासाला पाणी प्या, आणि लघवीचा रंग पाहा; गडद पिवळा झाला की पाणी कमी पडलंय.

नागपूर-अकोल्याकडून आलेल्यांना पुण्याचे ४० अंश किरकोळ वाटतात. पण तिकडच्या घरात कूलर ठरलेला असतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. इथे सगळ्यात वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली, वर तापलेला स्लॅब किंवा पत्रा, आणि दुपारी दोनला सिग्नलवर दुचाकी. शरीराला त्रास होतो तो या सगळ्याचा मिळून.

घराचा नियम साधा आहे. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला खिडक्या लावा, पडदे ओढा, पश्चिमेच्या खिडकीला जाड कापड लावा. संध्याकाळी साडेसहा-सातनंतर सगळं उघडा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. त्यात हवा कोरडी, त्यामुळे दिवस आणि रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडतो. रात्रीची गार हवा घरात घेतली की दुसरी दुपार सुसह्य जाते. दिवसभर खिडक्या उघड्या ठेवणारे लोक घर स्वतःच तापवून घेतात.

कूलर याच दिवसांत चालतो. पाण्याचं बाष्प होताना हवा गार होते, म्हणून हवा जितकी कोरडी तितका कूलर चांगला. कूलर लावताना मात्र खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोलीतच दमटपणा साचतो. वळवाच्या दमट दिवसांत कूलर चालवून उपयोग नाही. तेव्हा पाणी बंद करून नुसता पंखा लावा. कूलर बिघडला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी एकदा आर्द्रतेचा आकडा पाहा.

दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका असं सांगतात. दिवसाचं सर्वांत जास्त तापमान अडीच ते चारच्या दरम्यान येतं, म्हणून ही मर्यादा चारपर्यंत धरा. बाहेर जावंच लागलं तर सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, हेल्मेटच्या आत ओला रुमाल, डोळ्यांना गॉगल. पुण्यातल्या मुली स्कार्फने चेहरा आणि हात पूर्ण झाकून गाडी चालवतात, ते अगदी योग्य आहे; मुलांनीही तसंच करावं. ताक, कोकम सरबत, पन्हं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी चांगलं. रस्त्यावरचा उसाचा रस बर्फाशिवाय मागा, कारण तो बर्फ प्यायच्या पाण्याचा असेलच असं नाही. बंद गाडीत मूल किंवा कुत्रं दोन मिनिटांसाठीही ठेवू नका.

डिलिव्हरी करणारे, बांधकामावरचे मजूर, वॉचमन यांना दुपार टाळता येत नाही. सोसायटीच्या गेटवर सावलीत एक माठ आणि पेला ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. तुम्ही नवे असलात तरी हे सुचवा, बहुतेक ठिकाणी लगेच होतं.

८. ऊन लागलं तर

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, चक्कर ही सुरुवात. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, घोट घोट ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त होऊ देऊ नका.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, झटका आला किंवा शुद्ध हरपली तर हा उष्माघात आहे. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा गार फडकी ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराची औषधं चालू असणाऱ्यांनी पाणी-मीठ किती घ्यायचं ते आपल्या डॉक्टरांना आत्ताच, ऊन चढायच्या आधी, विचारून ठेवावं.

९. हे चक्र कधी थांबतं

वळीव आणि कोरडं ऊन यांची अशी आलटून पालटून दोन-तीन आवर्तनं एका उन्हाळ्यात होऊ शकतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मोसमी पाऊस पुण्यात पोचला की ती थांबतात. पण तारीख धरून बसू नका. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच पुण्यात दाखल झाला होता. मोसमी पाऊस आल्याची हवामान विभागाची अधिकृत घोषणा झाल्यावरच कूलर आवरा. पाणी काढा, टाकी पुसा, पडदे काढून उन्हात कडकडीत वाळवा आणि मग माळ्यावर टाका. त्यासाठी जूनमध्ये ऊन मिळेल तो पहिला दिवस पकडा.